शंभर टक्क्यांच्या वर गेलेला हायड्रोजन

एमएससीनंतर पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी रुजू झाले, तेव्हा सरांनी दिलेलं काम ऐकायला सोपं होतं. सोडियम बोरोहायड्राइड या हायड्रोजन साठवणाऱ्या पांढऱ्या पावडरीमधून हवा तेव्हा हायड्रोजन काढायचा, तोही रुथेनियम-प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूंशिवाय. बोरोहायड्राइड अल्कलीच्या (कॉस्टिक सोड्यासारख्या क्षाराच्या) पाण्यात शांत पडून राहतं, कॅटॅलिस्टशी, म्हणजे रिॲक्शनचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाशी, गाठ पडली की गॅस सोडतं. अर्धा हायड्रोजन त्याचा, अर्धा पाण्याचा.

कॅटॅलिस्ट करणं ही खरं तर गंमत आहे. कोबाल्ट क्लोराइडच्या गुलाबी द्रावणात थेंबथेंब बोरोहायड्राइड सोडा. फसफसून काळं पडतं. तळाला साचते ती कोबाल्ट बोराइडची पूड. बाहेरून मॅग्नेट लावला की काचेला चिकटते, त्यामुळे गाळणीची कटकट नाही. फक्त कोरडी करून उघडी ठेवू नका, हवेने खराब होते.

खरी परीक्षा गॅस मोजताना. पाण्याने भरलेली ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली काचेची नळी) उलटी लावायची आणि पाणी किती खाली सरकतं ते बघायचं. 100 मिलिग्रॅम बोरोहायड्राइडमधून सगळा हायड्रोजन निघाला तर एका मोल गॅसला 22.4 लिटर या पुस्तकी हिशोबाने साधारण 237 मिली यायला हवा. माझे आले 280 च्या पुढे. मी खूश! सर म्हणाले, "अगं, मटेरियलमध्ये होता त्यापेक्षा जास्त कुठून आणलास?"

चूक माझ्या पाठ केलेल्या 22.4 च्या आकड्यात होती. तो शून्य अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा. पुणं साडेपाचशे मीटरच्या वर, इथला दाब 950 हेक्टोपास्कलच्या आसपास. खोलीत तीस अंश, शिवाय गॅसमध्ये पाण्याची वाफ. हे सगळं धरलं तर 290 ची अपेक्षा हवी. म्हणजे माझी रिॲक्शन पूर्णही झाली नव्हती. तेव्हापासून लॅबच्या वहीत पहिली ओळ तापमान आणि दाबाची.

दुसरा थर्मामीटर फ्लास्कमध्येच ठेवा, नुसता वॉटर बाथमध्ये नको. रिॲक्शन भरपूर उष्णता सोडते. बाथ तीसवर आणि आतलं द्रावण चाळीसवर गेलं, तर वाढलेल्या वेगाचं श्रेय फुकट कॅटॅलिस्टला जातं. आणि सगळं फ्यूम हूडमध्ये, म्हणजे गॅस बाहेर खेचणाऱ्या कपाटात: हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी पेट घेतो.

नवीन मुलं विचारतात, स्वस्त म्हणजे कोबाल्टच ना? माझ्या मते धातूचा भाव ही अर्धीच गोष्ट. कोबाल्टलाही बॅटरीवाल्यांची मागणी आहेच. पाचव्या-सहाव्या रनला कॅटॅलिस्टच्या पुडीवर बोरेटचा (हायड्रोजन निघून गेल्यावर उरणाऱ्या क्षाराचा) पांढरा थर बसतो आणि वेग पडतो. तिथे स्वस्ताई संपते. उरलेल्या बोरेटचं पुन्हा बोरोहायड्राइड करायला भरपूर ऊर्जा लागते. गाडीत वापरण्यासाठी हा मार्ग सोडावा, अशी शिफारस अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे 2007 मध्येच झाली होती. छोट्या, हातात नेण्याजोग्या उपकरणांसाठी मात्र मला तो अजून पटतो.

पीएचडी प्रवेशाचं थोडक्यात: सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), आयसर ही विज्ञान संस्था आणि पुणे विद्यापीठ, तिन्हीकडे प्रयत्न करा. मुलाखतीत बोरेटचं काय करणार हे विचारतील. माझी बोरेटची बरणी अजून कपाटात आहे, अर्धी भरलेली.