मालकी रान तोडायला देताय? आधी खालचा ऊस बघा

दिवाळी सरली की आपल्याकडं दोन टोळ्या येतात. एक उसाच्या फडात उतरते, दुसरी डोंगरातल्या मालकी रानात लाकूड पाडायला जाते. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड भागातल्या शेतकऱ्यांनी दुसरीचा सौदा ठरवताना पहिलीचा हिशेब डोळ्यासमोर ठेवावा.

व्यापारी अख्खं रान उक्तं मागतो. पोकळ झाडाला भाव नसतो, तरी जळणाला म्हणून तेही आडवं होतं. खरा तोटा तिथंच आहे. गव्हाणी घुबड घरटं बांधत नाही. ढोलीत नाहीतर पडक्या भिंतीत राहतं आणि मुख्यतः उंदरांवर जगतं. ढोल गेली की घुबड हलतं. उंदीर मात्र फांद्यांच्या ढिगात, माजलेल्या रानमोडीच्या तणात मजेत राहतो आणि लोळलेल्या उसाची कांडी कुरतडायला खाली उतरतो.

लाकूड ओढायला जेसीबीनं काढलेली वाट तर त्याहून वाईट. त्या वाटेनं गावची कुत्री आणि फासे लावणारे आत शिरतात. कोळसुंद्यांची (रानकुत्र्यांची) पिल्लं बहुतेक हिवाळ्यातच होतात, त्यांना शांत जागा लागते. ते हलले की रानडुकरांवरचा धाक कमी होतो. बिबट्या तडजोड करतो, कुत्र्यांवर भागवतो आणि उसात झोपतो.

लांबचं एक उदाहरण सांगतो. बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सबाह राज्यात तोडलेल्या जंगलांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पाला कुजवणं, बिया खाणं, किडे मारणं या कामांतला मुंग्या-वाळवीसारख्या जीवांचा वाटा काही बाबतींत निम्म्यापर्यंत घटला होता आणि तो भार पक्षी व सस्तन प्राण्यांनी उचलला होता. तिथला पाऊस वेगळा, झाडं वेगळी, पण आपल्याकडं तर आपण त्या पक्ष्यांचीच ढोल विकतो!

तेव्हा परवानगी तर घ्याच (1964 च्या वृक्षतोड कायद्याखालची परवानगी नसेल तर व्यापारी नामानिराळा आणि तुम्ही पेचात), शिवाय सौद्यातच लिहून घ्या: ढोलीची झाडं, उंबर आणि वाळून उभी असलेली एखाद-दुसरी खोडं राहतील, ओढ्याकाठच्या पट्ट्याला हात लागणार नाही. जुनी वाट असेल तर नवी काढू देऊ नका. तोड संपली की वाटेवर काटेरी फांद्या टाकून ती बंद करा.

खोडव्यात आणि भाजीपाल्यात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे रोवा, घुबडं त्यावर बसून उंदीर टिपतात. ब्रोमाडिओलोन या उंदीरनाशकाचं आमिष शक्यतो टाळा. ते खाल्लेला उंदीर घुबडानं गिळला तर घुबडही मरतं.

ऊसतोड एका बाजूनं सुरू करा, बिबट्याला निघून जायला समोरची बाजू मोकळी ठेवा. बिबट्याची पिल्लं दिसली तर उचलू नका, तेवढा फड थांबवून वनविभागाला 1926 वर कळवा. आई बहुधा रात्रीच त्यांना घेऊन जाते.