मेंदूच्या रिपोर्टमधलं व्हेंट्रिकल म्हणजे काय आणि ते कसं वाचायचं

डोक्याचा एमआरआय किंवा सीटी काढला की रिपोर्टमध्ये व्हेंट्रिकल हा शब्द असतोच, आणि मग घरातलं कोणीतरी गुगल करून सांगतं की अहो हे तर हार्टचं आहे. हार्टमध्येही व्हेंट्रिकल असतात हे खरंय, पण मेंदूतले वेगळे, त्यांचा ह्यांच्याशी काही संबंध नाही. मेंदूच्या आत खोलवर द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात, त्या ह्या. सगळ्यांनाच असतात, त्यामुळे नुसतं नाव दिसलं म्हणून टेन्शन घ्यायचं कारण नाही.

एकूण चार. वरचे दोन मोठे, डावा-उजवा एकेक, ते लॅटरल, मग मधोमध तिसरा आणि खाली मागे, ब्रेनस्टेम (मेंदूचा मणक्याकडे जाणारा देठ) आणि लहान मेंदूच्या मध्ये, चौथा. आतल्या द्रवाला सीएसएफ म्हणतात, तो तिथेच बनतो, मोठ्या माणसात दिवसाला साधारण 500 मिली, पण डोकं आणि मणका मिळून एका वेळी असतो 150 मिलीच्या आसपास, म्हणजे सतत नवा बनतोय आणि जुना रक्तात शोषला जातोय. तिसऱ्यातून चौथ्यात जायची नळी अगदीच बारीक असते, ती तुंबली की वरचे तिन्ही फुगायला लागतात. 'डोक्यात पाणी झालंय' म्हणतात ते हेच, हायड्रोसेफॅलस.

आता रिपोर्ट. व्हेंट्रिकलच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते बघायचं, खरी माहिती तिथे असते. 'नॉर्मल' असेल तर पुढे चला. 'प्रॉमिनंट' किंवा 'डायलेटेड', म्हणजे मोठे झालेले, असं असेल तर त्याच ओळीत सल्काय आहे का बघा, सल्काय म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या खाचा. व्हेंट्रिकल आणि सल्काय दोन्ही रुंद असतील तर बहुतेक वेळा मेंदूच थोडा आकसलेला असतो, वयस्कर माणसांत हे खूप कॉमन आहे, पण व्हेंट्रिकल मोठे आणि खाचा मात्र दबलेल्या असतील तर पाणी अडल्याचा संशय येतो आणि तिथे उशीर करायचा नसतो.

अजून दोन शब्दांत लोक नेहमी गोंधळतात. इंट्राव्हेंट्रिक्युलर म्हणजे पोकळीच्या आत, पेरिव्हेंट्रिक्युलर म्हणजे पोकळीच्या भोवती. आत रक्तस्राव लिहिलाय तर ती इमर्जन्सी, आणि भोवती पांढरे ठिपके लिहिलेत तर ते बऱ्याच बीपी-शुगरवाल्या वयस्कर लोकांत दिसतात, तरुण माणसात दिसले तर मात्र न्यूरोलॉजिस्टला दाखवाच.

फिल्म स्वतः बघायची हौस असेल तर (मला आहे) आडवा छेद घ्या, मधोमध फुलपाखरासारखं दिसतं ते लॅटरल व्हेंट्रिकल. एमआरआयमध्ये वेगवेगळ्या प्रकारची चित्रं काढतात, त्यातल्या टी वनमध्ये ते काळं, टी टूमध्ये पांढरं, आणि फ्लेअरमध्ये परत काळं, कारण त्यात पाण्याचा सिग्नल मुद्दाम दाबतात म्हणजे भोवतीचे ठिपके उठून दिसतात. आणि हो, फिल्मच्या डावीकडे पेशंटची उजवी बाजू असते, ह्यावरून घरी उगाच वाद घालू नका.

प्रेग्नन्सीच्या सोनोग्राफीतही हा शब्द येतो, तिथे बाळाच्या लॅटरल व्हेंट्रिकलची रुंदी मोजतात. 10 मिमीच्या आत असेल तर ठीक, 10 ते 15 असेल तर पुढच्या तपासण्या आणि परत स्कॅन, 15 च्या वर गेलं तर ते जास्त गंभीर धरतात. 10-12 च्या दरम्यान असून बाकी सगळं नॉर्मल असेल तर बहुतेक बाळं छान असतात.

वयस्कर माणसाचे पाय चालताना जमिनीला चिकटल्यासारखे होतायत, लघवी आवरत नाही, विसरायलाही लागलंय आणि रिपोर्टमध्ये व्हेंट्रिकल मोठे आहेत, असं सगळं एकत्र असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस असू शकतो, आणि त्यात व्हीपी शंट म्हणजे व्हेंट्रिकलमधून पोटात पाणी उतरवणारी नळी टाकून बऱ्याच जणांना फरक पडतो, खास करून चालण्यात.

डॉक्टरांना सरळ विचारा, पाणी अडल्यामुळे मोठे झालेत की मेंदू आकसल्यामुळे? आणि जुना स्कॅन असेल तर तो सोबत न्या, नुसता रिपोर्टचा कागद नाही, फिल्म किंवा सीडीसुद्धा, कारण मागच्यापेक्षा वाढलेत का हे त्यावरूनच कळतं.