'सफर फ्रॉम' वापरताना या चुका टाळा

शाळेच्या रजेच्या अर्जापासून विम्याच्या दाव्यापर्यंत, आजारपणाविषयी इंग्रजीत लिहायची वेळ आली की मराठी माणूस 'सफर फ्रॉम' या क्रियापदाकडे वळतो आणि तेथे अनेकदा अडखळतो. या चुका निष्काळजीपणामुळे होत नाहीत. त्या आपल्या वाक्यरचनेतून येतात, आणि म्हणूनच केवळ 'हे चूक, हे बरोबर' असे पाठ करून त्या जात नाहीत. मराठीत आपण 'मला टायफॉइड झाला' असे म्हणतो. या वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता आजार आहे आणि माणूस 'मला' या चतुर्थीत उभा आहे. इंग्रजीत मात्र सोसणारा माणूसच कर्ता होतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 'आय ॲम सफर्ड फ्रॉम टायफॉइड'. लिहिणाऱ्याच्या मनात 'मी टायफॉइडने त्रस्त आहे' असे वाक्य असते आणि 'त्रस्त', 'ग्रस्त', 'पीडित' या विशेषणांना समांतर रूप म्हणून तो 'सफर्ड' उचलतो. परंतु 'सफर' म्हणजे सोसणे, आणि सोसण्याची क्रिया माणूस स्वतः करत असल्याने येथे 'ॲम सफरिंग' असेच हवे. त्याच वाक्यातील 'ने' या प्रत्ययामुळे काहीजण 'सफरिंग बाय' असे लिहितात, तेही चूक आहे. 'सफरिंग विथ' बोलण्यात कानावर पडते, पण अर्ज आणि प्रमाणपत्रांत 'फ्रॉम'च लिहावे. 'फ्रॉम'नंतर नाम येते, विशेषण नव्हे. म्हणून 'सफरिंग फ्रॉम डिप्रेशन' बरोबर आणि 'सफरिंग फ्रॉम डिप्रेस्ड' चूक.

काळाची चूक याहून चिवट आहे. 'दोन आठवड्यांपासून टायफॉइड आहे' या वाक्यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो, त्यामुळे 'आय ॲम सफरिंग फ्रॉम टायफॉइड सिन्स टू वीक्स' असे वाक्य सहज तयार होते आणि त्यात एक नव्हे, दोन चुका असतात. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या स्थितीसाठी 'हॅव बीन सफरिंग' हवे आणि कालावधी सांगताना 'फॉर टू वीक्स' हवे. 'सिन्स' हे 'सिन्स मंडे' असा आरंभबिंदू सांगताना येते. आपले 'पासून' ही दोन्ही कामे एकटेच करते, गोंधळ तिथे आहे. केंद्र सरकारच्या 1972 च्या रजा नियमांमधील वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुन्यात 'इज सफरिंग फ्रॉम' असे छापलेले असते आणि ते अचूक आहे, कारण तेथे आजार किती दिवसांचा आहे हे सांगायचे नसते. याउलट 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये मानसिक विकाराविषयी 'हॅज बीन सफरिंग' अशी रचना आहे, कारण ती स्थिती आधीपासून चालत आलेली असणे तेथे अभिप्रेत आहे.

'फ्रॉम' कुठे गाळावे, हा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि शाळेत तो क्वचितच शिकवला जातो. मधुमेह, दमा, अर्धशिशी या शरीरात मुक्काम करणाऱ्या व्याधी आहेत. त्यांच्यापूर्वी 'फ्रॉम' येते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, दुखापत, तोटा, पराभव हे एका वेळी बसणारे आघात आहेत. त्यांच्यापूर्वी 'फ्रॉम' येत नाही. म्हणून 'ही सफर्ड फ्रॉम अ हार्ट अटॅक' ऐवजी 'ही सफर्ड अ हार्ट अटॅक' असे लिहावे. दाव्याच्या अर्जात 'सफर्ड फ्रॉम ॲन ॲक्सिडेंट' असे लिहिलेले आढळते. तेथे 'हॅड ॲन ॲक्सिडेंट अँड सफर्ड इंज्युरीज' अशी रचना करावी. हाच नियम माणसाबाहेरच्या संकटांनाही लागू पडतो. 'महाराष्ट्र सफर्ड अ सिव्हिअर ड्रॉट इन 1972' या वाक्यात दुष्काळ हा आघात आहे, तर 'मराठवाडा सफर्स फ्रॉम वॉटर स्कॅर्सिटी' या वाक्यात पाणीटंचाई ही मुरलेली अवस्था आहे. 'हार्डशिप' या नामापूर्वी मात्र सहसा 'फ्रॉम' लागत नाही, आणि गरिबीसाठी 'लिव्ह इन पॉव्हर्टी' हा प्रयोग अधिक स्वाभाविक आहे.

भूतकाळी रूपाच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा 'आर' एकदाच येतो. 'रेफर'चे रूप करताना तो दुप्पट होतो, कारण तेथे उच्चारातला जोर शब्दाच्या दुसऱ्या भागावर ('फर'वर) असतो; 'सफर'मध्ये तो पहिल्या भागावर ('स'वर) असतो.

व्याकरण बिनचूक असले तरी शब्द जड होऊ शकतो. साध्या सर्दीसाठी 'आय हॅव अ कोल्ड' पुरेसे आहे आणि फ्लू नुकताच सुरू झाला असेल तर 'आय हॅव कम डाउन विथ फ्लू' म्हणतात. दीर्घकालीन आजार किंवा अपंगत्व असलेल्या व्यक्तीविषयी लिहिताना अधिक काळजी घ्यावी. 1983 साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्स झालेल्या लोकांनी स्वतःला 'बळी' म्हणवून घेण्यास जाहीर नकार दिला, आणि आज एचआयव्हीच्या संदर्भात 'पीपल लिव्हिंग विथ एचआयव्ही' हाच प्रयोग रूढ आहे. अंध व्यक्तीविषयी 'सफर्स फ्रॉम ब्लाइंडनेस' असे लिहिणे म्हणजे तिने न सांगितलेले दुःख तिच्या माथी मारणे होय. 'इज ब्लाइंड' एवढेच लिहावे. एखादी व्यक्ती अर्धशिशीने हैराण झाल्याचे स्वतःच सांगत असेल, तर तिच्याविषयी 'सफर्स फ्रॉम मायग्रेन' लिहिण्यास काहीच हरकत नाही.