मामांचा गॅरार्ड आणि माझं जास्तीचं तेल

मामांकडचा गॅरार्ड ३०१ हा रेकॉर्ड प्लेअर वीस वर्षं पलंगाखाली पडून होता. इंग्लंडमधल्या स्विंडनचं हे मशीन, १९५४ साली बाजारात आलेलं. यात बेल्ट नसतो. मोटरची पुली रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक जड तबकडीला.

चालू केलं तर वेग कमी आणि स्पीकरमधून गिरणीसारखी घरघर. दोष वयाचा होता. मोटर उघडली, तर बुशांमधलं (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या धातूच्या कड्यांमधलं) तेल वाळून मधासारखं चिकट झालेलं. बुश साफ करून कोमट तेलात रात्रभर मुरत ठेवले. सकाळी शाफ्ट बोटाने फिरवला, सोडल्यावरही तो आपला फिरतोच आहे!

मग अतिउत्साह नडला. 'अजून दोन थेंब' म्हणत घातलेलं तेल रबरी चाकाच्या कडेवर उडालं आणि चाक घसरायला लागलं. पुन्हा सगळं खोललं. स्पिरिटने कड, पुली, तबकडीची आतली बाजू पुसली. चाकावरची चकाकी बारीक पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने काढली.

वेग तपासायला १८० रेघांची स्ट्रोब चकती (वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली तिच्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात), वर आपल्या ५० हर्ट्झ विजेवरचा निऑन दिवा. (एलईडी तसा लुकलुकेलच असं नाही, त्यावर भरवसा ठेवू नका.) दहा मिनिटं मोटर तापू दिली, वेगाची घुंडी केसभर फिरवली, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर, म्हणजे एलपीच्या वेगावर, रेघा थबकल्या.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तव्यांसाठी (रेकॉर्डसाठी) जाड सुई हवीच. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी नुसती लोळते. जाड सुई अजून मिळायची आहे. मामा रोज विचारतात, "आली का रे सुई?"