उंच पायरीपुढे अर्धी पायरी

जुन्या नाशकात बऱ्याच घरांची दाराशीची दगडी पायरी 8-9 इंच उंच असते. गुडघे दुखणारी आजी तिथेच अडते. ती पायरी फोडू नका.

1. तिच्यापुढे निम्म्या उंचीची पायरी विटा-सिमेंटात बांधा. पुढून मागे खोली किमान 2 फूट ठेवा, म्हणजे वॉकरचे चारही पाय टेकतात. बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, पावसाचं पाणी साचणार नाही.
2. वर खरखरीत फरशी, काठाला पिवळा पट्टा.
3. बाजूला मुठीत मावेल असा दीड इंची गोल पाइप. तो पायरीच्या पुढे फूटभर न्या. खरा आधार उतरताना, शेवटचं पाऊल टाकताना लागतो.

सुट्या विटा किंवा पाट मात्र कधीही ठेवू नका, पाय पडताच सरकतात.