टेकडी विकत घ्यायला निघालात? वर्गणीच्या आधी या चुका टाळा

गावाजवळच्या पठारावर प्लॉटिंगचा बोर्ड लागायच्या आत "आपणच वर्गणी काढून घेऊ आणि सगळ्यांना खुलं ठेवू" असं म्हणणारी माणसं भेटली की मनापासून बरं वाटतं. त्यांचा उत्साह कागदांच्या घोळात वाया जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

आधी क्यूआर कोड, मग सातबारा

वर्गणीचा क्यूआर कोड फिरवून पहिला रुपया घेण्याआधी सातबारा वाचा. बोलणी करायला एकच भाऊ येतो, पण उताऱ्यावर सासरी गेलेल्या बहिणींचीही नावं असतात. सह्या सगळ्यांच्या लागतात. भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा किंवा कुळाचं नाव सापडतं. सह्याद्रीच्या उतारावरची जमीन असेल तर जुने फेरफारही (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा. खासगी वनांच्या कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून अशी वनं सरकारजमा झाली. तशी नोंद निघाली, तर मुळात मालकाला विकण्याचा हक्क आहे का, इथूनच सुरुवात करावी लागते. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या दस्तांच्या तपासणीचा अहवाल) घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

"सध्या अमक्याच्या नावावर घेऊ"

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला, ट्रस्टलाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मग गटातला एखादा शेतकरी पुढे केला जातो. तो कितीही सज्जन असो, कागदोपत्री जमीन त्याची होते. उद्या त्याच्या कर्जापायी जप्ती येईल, त्याच्या पश्चात वारस वाटणी मागतील. पैसा लोकांचा आणि नाव दुसऱ्याचं, म्हणून बेनामी कायद्याचं लचांडही मागे लागू शकतं.

त्यापेक्षा सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, नोंदवा. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. देणगीदाराला याहून भक्कम हमी कुठली देणार? जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीला वेळ लागतो, तोवर मालकाशी नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) करा आणि "परवानगी नाकारली तर विसार परत" ही अट त्यात लिहून घ्या.

वाट गृहीत धरणं

धबधबा आपल्या गट नंबरात आणि पायवाट शेजाऱ्याच्या गट नंबरातून, असं सर्रास असतं. आज तो कुणाला अडवत नाही. पण शनिवार-रविवारी गाड्या यायला लागल्या की बांधावर साखळी पडते. तहसीलदार जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता देतात, तो शेतात जाण्यायेण्यासाठी. पर्यटकांसाठी तो मिळेल असं धरून चालू नका. मोजणी करून घ्या आणि वाटेच्या हक्काचा दस्त खरेदीखताबरोबरच नोंदवा.

पैसे गोळा करताना

सभासदाच्या खासगी खात्यात वर्गणी नको. न्यास नोंदला नसेल तर न्यासांच्याच कायद्यातल्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तालयाला कळवा, गणेश मंडळं करतात तसं. करसवलतीची पावती देणार असाल तर दोन हजारांवरची रोख देणगी तिथे चालत नाही. अमेरिकेतला मावसभाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर अडचण नाही. नागरिकत्व बदललं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं) असूनही ती परकीय देणगी ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही.

मोठ्या देणगीदाराची वाट बघत बसू नका. इंग्लंडमध्ये १९०२ साली डर्वेंटवॉटर तळ्याकाठचं ब्रँडलहाऊ हे रान नॅशनल ट्रस्ट या जागा जपणाऱ्या संस्थेने जाहीर आवाहन करून ६,५०० पौंडांत घेतलं. त्यात कारखान्यातल्या कामगारांची चिल्लर देणगीही होती.

मुद्रांक शुल्क, मोजणी आणि वकिलाची फी उद्दिष्टातच धरा. मुद्रांक शुल्क खरेदीची किंमत आणि रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला जमिनीचा दर) यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. राखणदाराच्या पगाराची रक्कम वेगळी काढा. शक्यतो आजवर त्या पठारावर गुरं चारणाऱ्यांपैकीच कुणाला तरी नेमा, आणि चराईचं काय ठरलं ते ग्रामसभेत लेखी घ्या.