युरियाची गोणी फोडण्याआधी नत्राचा भार बघा

पाऊस येणार म्हटलं की गावोगाव युरियाच्या गोण्या फुटतात. रिमझिम पडणार असेल तर घाई ठीक आहे. पण मुसळधारेचा इशारा असताना हलक्या, मुरमाड रानात युरिया फोकला, तर त्यातलं बरंचसं नत्र ओढ्याला जातं. असं का होतं, ते नत्रावरच्या विद्युतभारावरून कळतं.

नत्राच्या अणूत ७ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन असतात, म्हणून सुटा अणू भाररहित. मुळं मात्र नत्र उचलतात ते मुख्यतः दोन आयनांच्या रूपात: एक धन भाराचं अमोनियम आणि एक ऋण भाराचं नायट्रेट. मातीच्या चिकण कणांवर आणि सेंद्रिय पदार्थांवर ऋण भार असतो. त्यामुळे अमोनियम कणांना धरून राहतं आणि नायट्रेट पाणी जाईल तिकडे जातं. भारी काळी जमीन मुरमाड रानापेक्षा कितीतरी जास्त अमोनियम धरून ठेवते. नायट्रेटपुढे मात्र तीही हात टेकते.

युरियात ४६ टक्के नत्र असलं तरी त्याच्या रेणूवर भारच नाही. म्हणून टाकल्यावरचे पहिले काही दिवस सर्वात जोखमीचे. मातीतलं युरिएज विकर त्याचं अमोनियम करतं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. निंबोळीचा लेप हे दुसरं रूपांतर लांबवतो, थांबवत नाही. लेप आहे म्हणून सगळी मात्रा एकदम द्यायची, हा हिशेब चुकीचा.

कोरडवाहू कपाशीला नत्र पेरणीवेळी, ३० दिवसांनी आणि ६० दिवसांनी असं विभागून द्या. वरखत ओळीलगत टाकून लगेच कोळप्याने मातीआड करा. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) ८ च्या पुढे. अशा रानात वर पडून राहिलेल्या युरियापासून बनलेलं अमोनियम आपला धन भार सोडतं, अमोनिया वायू होतं आणि हवेत उडून जातं. सोयाबीनच्या मुळांवर गाठी चांगल्या धरल्या असतील तर युरियाचं वरखत नकोच. नुसती पालवी माजते.

पाणी तुंबलेल्या रानाची गोष्ट वेगळी. तिथे जिवाणूंना हवा मिळत नाही, मग ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेलं नत्र भाररहित वायू होऊन निघून जातं. साचलेल्या पाण्यात युरिया फेकणारे दरवर्षी दिसतात, पीक पिवळं पडलं की जीव राहत नाही हे खरं. तरी आधी चर काढा, वाफसा येऊ द्या. तोवर पीक फारच मलूल असेल तर उघडीप बघून २ टक्के युरियाची फवारणी करा, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम.

कोकणातल्या भातखाचरात हेच शास्त्र आपल्या कामी येतं. चिखलाच्या खालच्या थरात हवा नसल्याने अमोनियमचं नायट्रेट होत नाही. म्हणून चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. लावणीच्या दिवशीच खोचा; चिखल आवळला की बोट आत जात नाही.

आता पिवळेपणाबद्दल, कारण इथे युरिया सर्वात जास्त वाया जातो. नत्राची कमतरता जुन्या, खालच्या पानांपासून दिसते. चुनखडीच्या रानात शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता असते. मूळ नायट्रेट उचलतं तेव्हा भाराचा तोल राखायला बाहेर ऋण भार सोडतं, त्यामुळे मुळाजवळची माती आणखी विम्ल (अल्कधर्मी) होते आणि लोह आणखी अडकतं. अमोनियम उचलताना उलट आम्ल सुटतं. अशा उसाला किंवा भुईमुगाला नत्र द्यायचंच असेल तर युरियापेक्षा अमोनियम सल्फेट बरं पडतं, सोबत गंधकही मिळतं. पिवळ्या शेंड्यांसाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट फवारा आणि द्रावण त्याच दिवशी संपवा.